अकरा कॅलिप्सो आणि एक

सायमा कांगासच्या नावाने नोंद आली की विद्यापीठातले लोक ती पुन्हा तपासत नसत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. चौतीस वर्षं ती मोठ्या सरोवरात घुसलेल्या आमच्या किवनॉच्या जंगलातली ऑर्किडं ओळखून, मोजून त्यांना कळवत होती, आणि चौतीस वर्षांत तिची एकही नोंद खोटी निघाली नव्हती, एवढंच. पोटापाण्याला ती टपाल वाटायची. गावाबाहेरच्या रस्त्यांवर बर्फ असो की चिखल, लोकांच्या पेट्यांत तिने पत्रं टाकली, आणि कुणाच्या पाकिटावर कुठल्या गावचा शिक्का होता हेसुद्धा तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. अशा बाईने एखादं फूल अमुक आहे म्हटलं की ते अमुकच असणार, यात कुणाला शंका नव्हती.

डेन्झिल ट्रेव्हॅरोचं सगळं याच्या उलट. तो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात थापा मारायचा. बर्फाच्या ढिगाखालून त्याने जिवंत गाय काढली होती, ती गोष्ट तो दर हिवाळ्यात सांगे आणि दर हिवाळ्यात गायीचा रंग बदले. माणूस सगळ्यांना हवाहवासा, पण त्याच्या बोलण्यातलं निम्मं वजा करूनच लोक ऐकत. ऑर्किड शोधण्यात त्याची नजर सायमापेक्षाही तिखट होती, हे मात्र एकट्या सायमाला ठाऊक होतं.

तिचा नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, डेन्झिलची बायको त्याच्याही आधी गेली. मे महिन्यात बर्फ वितळला की दर शनिवारी सकाळी सातला दोघं जंगलात शिरत. लोकांनी काही वर्षं कुजबुज केली, मग कंटाळून सोडून दिली. रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला दोघं शेजारी बसून भांडत ते पास्टीत, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीत, गाजर घालावं की नाही यावर. ती फिनिश, ती गाजर घालणार. तो कॉर्निश, त्याच्या मते गाजर घातलं की पास्टीचं भाजीचं गाठोडं होतं.

जंगलात त्यांचा एक नियम होता: बोट दाखवायचं नाही. ज्याला फूल आधी दिसेल त्याने एक शब्द बोलायचा नाही. जवळच्या ओंडक्यावर बसायचं, थर्मासमधून कॉफी ओतायची आणि गप्प राहायचं. दुसऱ्याने स्वतः शोधायचं. नियम डेन्झिलने घातलेला. दाखवलेलं फूल माणूस नुसतं बघतो, सापडलेलं ओळखतो, असं तो म्हणे. वहीत मात्र नाव ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याचं, म्हणजे कडेला 'डे' नाहीतर 'सा'. पहिल्या काही वह्यांत पानंच्या पानं 'डे' होती. पुढे पुढे 'सा' वाढत गेले. सायमा ते कुणाला बोलून दाखवत नसे, पण हिवाळ्यात वह्या काढून बघायची.

आता त्या चाळीस एकरांचं. सरोवराच्या काठाला लागून देवदार आणि सुरूच्या जातीच्या जुन्या झाडांचा एक तुकडा होता, आत शेवाळाची गादी पसरलेली. तो एका लाकूड कंपनीचा होता आणि येत्या हिवाळ्यात, जमीन गोठून यंत्रं आत नेता आली की, कंपनी तो तोडणार होती. जंगलं राखणारी एक संस्था तो विकत घ्यायला तयार होती, पण एका अटीवर: राज्याच्या दुर्मीळ यादीतली एखादी तरी वनस्पती तिथे असल्याची पक्की नोंद हवी. सायमा आणि डेन्झिल दोन उन्हाळे तिथे गुडघ्यांवर रांगले. यादीतलं काहीच मिळालं नाही. संस्थेने अजून एक वसंत थांबायचं कबूल केलं, आणि जूनच्या शेवटच्या शुक्रवारी सह्या करू नाहीतर विषय सोडू, असं सांगितलं.

त्या वसंतात, मेच्या अखेरच्या शनिवारी, सायमाला कॅलिप्सो सापडलं, त्या दुर्मीळ यादीतलं ऑर्किड.

ती पुढे होती, डेन्झिल मागे चावऱ्या काळ्या माश्यांना शिव्या देत येत होता. पडलेल्या एका देवदाराच्या पलीकडे तिला गुलाबी काहीतरी दिसलं. अंगठ्याच्या पेराएवढं फूल, खाली एकच हिरवं पान, फुलाचा ओठ, म्हणजे खालची पाकळी, पुढे आलेला. शेजारी दुसरं, त्याच्या मागे तिसरं. चौतीस वर्षांत तिने कॅलिप्सो फक्त सरोवरातल्या बेटावर बघितलं होतं, तेही लोकांच्या रांगेत उभं राहून. इथे, आपल्या पायाखालच्या जंगलात, कधीच नाही.

नियमाप्रमाणे ती ओंडक्यावर बसली. कॉफी ओतताना अर्धी मांडीवर सांडली. डेन्झिल आला, तिच्याकडे बघितलं, आणि फुलं शोधण्याऐवजी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिला. मग त्याने मान वळवली.

"अकरा," तो मोजून म्हणाला.

"अकरा," सायमा म्हणाली, तिने आपलं आपण मोजलं होतं. आणि मग त्या बाईला, जिने नवऱ्याच्या मयतातही पाहुण्यांना कॉफी वाटली होती, रडू आवरेना. "डेन्झिल, वाचलं रे जंगल."

"तू वाचवलंस," डेन्झिल म्हणाला. "लिही. 'सा' लिही, मोठ्या अक्षरात."

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात तिच्यासाठी वेलदोड्याचा पाव भाजला गेला. कधी चार वाक्यं सलग न बोलणारी सायमा उभी राहून पाच मिनिटं बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात डेन्झिलने.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात थिया बाउमनचा फोन आला. विद्यापीठात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह ती सांभाळते.

"सायमा, तुम्हाला त्रास देते. संस्थेच्या वकिलाला फाइलमध्ये फुलाच्या ओठाचा अगदी जवळून घेतलेला फोटो हवाय. तुमचे आहेत ते सगळे वरून घेतलेत."

"गुडघे वाकत नाहीत आता."

"कळतं हो. तुमच्यावर शंका म्हणून नाही, वकील आहे, त्याला कागद लागतात. तेवढी दाढी दिसू द्या, बास."

दाढी म्हणजे ओठावरच्या केसांचा लहानसा झुपका. आमच्याकडच्या कॅलिप्सोची दाढी पिवळी. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनच्या बाजूला, हेच फूल होतं, पण दाढी पांढरी आणि ओठावर तपकिरी ठिपक्यांची गर्दी. पुस्तकात हे दोन ओळींत दिलेलं आहे आणि आमच्याकडे त्या दोन ओळी कुणी वाचत नाही. कशाला वाचेल? पांढऱ्या दाढीचं कॅलिप्सो इथून हजार मैलांच्या आत उगवत नाही. नवशिका माणूस पुस्तक उघडून दाढी बघतो. जाणता माणूस जंगल बघतो आणि फुलाचं नाव सांगून मोकळा होतो. नवीन येणाऱ्यांना सायमाच शिकवायची, "आधी फूल बघा, मग जागा बघा." ती स्वतः उलटं करून बसली होती.

एकटीच गेली ती, मंगळवारी. पालथी पडली, कोपरं ओल्या शेवाळात रुतली. फुलं सुकायला लागली होती, पण दोन अजून ताजी होती. भिंग डोळ्याला लावलं.

दाढी पांढरी होती.

तिने भिंग पुसलं. दुसरं फूल बघितलं. तीही पांढरी, आणि ओठावर ठिपकेच ठिपके. मग ती फुलाकडे बघायचं सोडून मुळाशी बघू लागली, आणि पहिल्या दिवशी दिसूनही न दिसलेली गोष्ट दिसली. प्रत्येक रोपाभोवती शेवाळाचं एक गोल वर्तुळ होतं, बशीएवढं, बाकीच्या शेवाळापेक्षा जरा निराळं, जरा दाट. त्या दिवशी तिला वाटलं होतं, खारीने उकरलं असेल. तिने एका वर्तुळाच्या कडेला बोट घातलं. बोट मातीच्या भेगेत गेलं.

आदल्या ऑक्टोबरात डेन्झिल ऑरेगनला मुलीकडे गेला होता. तीन दिवस गाडी चालवत परत आला तेव्हा मागे बर्फाच्या दोन पेट्या होत्या. "सॅमन आहे, धुरावलेला," तो म्हणाला होता, आणि एका पेटीतला मोठा तुकडा तिला दिला होता. फार चवदार होता. दुसरी पेटी त्याने उघडली नाही, आणि सायमाने विचारलंही नाही. दुसऱ्याच्या पेटीत काय आहे हे विचारायची तिला सवयच नव्हती.

ती तशीच पालथी पडून राहिली. तिला राग आला नाही, म्हणजे लगेच आला नाही. आधी लाज वाटली. तळघरातली ती पाच मिनिटं आठवली आणि कान तापले.

डेन्झिल स्वयंपाकघरात पास्ट्यांच्या कडा मुरडत होता. दार उघडंच असायचं.

"ये ये. गाजराशिवायची खाऊन जा, सुधारशील."

"दाढी पांढरी आहे," सायमा म्हणाली.

त्याची बोटं थांबली नाहीत. ती पास्टी पूर्ण मुरडून झाल्यावर त्याने हात पुसले.

"दोन आठवडे लागले तुला," तो म्हणाला. "मला वाटलं होतं दोन मिनिटं लागतील. त्या दिवशी मी वाटच बघत होतो, आता ही भिंग काढेल म्हणून. तू काढलंच नाहीस. रडत बसलीस."

सायमा खुर्चीवर बसली.

"किती आणलीस?"

"चाळीसेक."

"आणि जगली अकरा."

"हं."

"म्हणजे एकोणतीस मारलीस."

कॅलिप्सो उपटून दुसरीकडे लावता येत नाही, आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या मातीत ते उगवतं त्या मातीतल्या बुरशीवर ते जगतं, दुसरीकडे नेलं की एखादं वर्ष साठवलेल्यावर तग धरतं, मग जातं. ती अकराही पुढच्या वर्षी दिसली नसती. रानातलं ऑर्किड उपटणाऱ्याला आमच्याकडे कुणी घरात घेत नाही. डेन्झिलनेच एकदा, एका पाहुण्याच्या गाडीत कुदळ आणि ओलं फडकं दिसलं म्हणून, त्याच्या गाडीपुढे बर्फगाडी आडवी लावून दोन तास उभी ठेवली होती. ती गोष्ट खरी होती, सायमा तिथे होती.

"तू उपटलीस," ती म्हणाली. "तू."

"जंगल तुटणार होतं, सायमा. मुलीच्या घरामागे ती गवतासारखी उगवतात. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मग स्वतःच्या नावाने कळवायचीस ना."

"माझ्या?" तो हसला, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. "मला सापडली असं मी म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, कॅलिप्सोबरोबर गाय कुठल्या रंगाची होती. तुझ्या नावावर कुणी काही विचारत नाही."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर लिहिलं असतंस?"

"नाही."

"मग? तू खोटं लिहिणार नाहीस, म्हणून तुला खरं सांगितलं नाही. तू जे लिहिलंस ते मनापासून लिहिलंस. तुझ्या अंगाला काही लागू दिलं नाही मी."

"फार उपकार झाले."

"सायमा, ऐक. पुढच्या शुक्रवारी सह्या आहेत. फोटोला उशीर झाला म्हणून सांग, फुलं सुकली म्हण. तीही सुकतायतच. शुक्रवारपर्यंत गप्प बस, बास. गप्प बसायला तुला कुणी शिकवायला नको."

हे वाक्य तो बोलायला नको होता. आयुष्यभर लोकांची गुपितं पोटात ठेवली, त्या गप्प बसण्याचा त्याने असा हिशेब धरून ठेवला होता हे तिला तेव्हा कळलं. तिचा खरेपणा त्याने कुदळीसारखा वापरला होता, आणि आता तिचं मौनही मागत होता.

"आणि बाकीची?" तिने विचारलं. "वह्यांतली. जिथे 'सा' आहे."

"ती सगळी खरी. एकूण एक. आईची शपथ."

"माझ्या नजरेला नजर देऊन सांग."

त्याने नजर दिली. पण तो थापाड्या होता तो लोकांसाठी, तिच्यापुढे त्याला नीट खोटं बोलता येत नसे, निदान तिचा तसा समज होता. मग टेबलावरचं पीठ हाताने गोळा करत तो म्हणाला, "फुलं खरी. मी कधी कधी ओंडक्यावर जरा उशिरा बसलो असेन."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसलं तरी पुढे चालत राहिलो असेन. तुला आधी दिसावं म्हणून. तुझा नवरा गेला त्यानंतरची दोन-चार वर्षं. मग सवय लागली. तू किती खूश व्हायचीस, अगं."

चाळीस रोपांचं ऐकूनही ती बसून राहिली होती, हे ऐकून उठली. ओव्हनमध्ये पास्ट्या फुगत होत्या, घरभर वास सुटला होता. हिवाळ्याच्या किती संध्याकाळी ते 'सा' मोजत काढल्या होत्या तिने, एकटीने, दिव्याजवळ बसून. त्यातले किती तिचे आणि किती या माणसाने भीक घातल्यासारखे वाढलेले, हे आता कुठल्याच भिंगातून कळायचं नव्हतं.

"पंचवीस वर्षं मला खेळवलंस," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

पत्र तिने त्याच दुपारी लिहिलं. 'मी कळवलेली अकरा रोपं पश्चिम किनाऱ्यावरच्या जातीची आहेत. ती इथे आणून लावलेली आहेत. ओळखताना मी दाढी बघितली नाही, ही चूक माझी.' स्वतः टपाल कचेरीत नेऊन दिलं. कुणी लावली ते लिहिलं नव्हतं. थियाने फोनवर विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे का, सायमा?"

ती सांगणार नाही म्हणाली असती तर थियाने खोदून विचारलं नसतं.

"डेन्झिल ट्रेव्हॅरो," ती म्हणाली.

थिया स्वतः येऊन अकराही रोपं काढून घेऊन गेली, संग्रहासाठी. ऑर्किडांच्या नोंदी करणाऱ्या आमच्या मंडळाने डेन्झिलचं नाव सभासदांतून काढलं आणि त्याच्या नावाची कुठलीही नोंद यापुढे घ्यायची नाही असं ठरवलं. संस्थेने कळवलं की शुक्रवारपर्यंत दुसरं काही खात्रीचं आलं नाही तर विषय संपला. गावात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, डेन्झिलने गावाच्या तोंडाला काळं फासलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, सायमाने शुक्रवारपर्यंत दम धरला असता तर काय बिघडलं असतं. दुसरा तट मोठा होता. दुकानात तिच्याशी हवापाण्यावर बोलून लोक पाठ फिरवू लागले.

सह्यांच्या आधीच्या गुरुवारी सकाळी, सातच्या आधीच, तिच्या टपालपेटीत एक चिठ्ठी पडली. तिकीट नव्हतं. बिनतिकिटाचं काही पेटीत टाकायचं नसतं, हे तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं. आत लिहिलं होतं: 'आज सात वाजता. नेहमीसारखं. डे.'

का गेली ते तिला विचारू नका. मला वाटतं, तिचे पायच तिला घेऊन गेले.

डेन्झिल तिला ओळखू येईना. काळ्या माश्यांनी मान, कान, पापण्या फोडून ठेवल्या होत्या, एक डोळा सुजून जवळजवळ मिटला होता. पँटचे दोन्ही गुडघे फाटलेले. त्या भांडणाच्या दिवसापासून तो रोज उजाडल्यापासून त्या चाळीस एकरांत रांगत होता, हे न विचारताच कळत होतं. तो पुढे, ती मागे. सरोवराच्या अगदी काठावर, जिथे बर्फाचे तुकडे मेअखेरपर्यंत अडकून राहतात आणि वसंत तीन आठवडे उशिरा येतो, तिथे एका आडव्या देवदारावर तो बसला. थर्मास उघडला. दोन कप ओतले, एक शेजारी ठेवला. आणि गप्प राहिला.

सायमाला त्या गप्प बसण्याचा अर्थ चौतीस वर्षं माहीत होता. बघायचं नाही असं तिने ठरवलं, आणि मग तिचे डोळे बघू लागले.

मुळांच्या खबदाडात एक होतं. एकटंच. पान गोगलगायीने कडेला खाल्लेलं, फूल नुकतं उमललेलं.

ती खाली बसली, मग पालथी पडली. भिंग लावलं. दाढी पिवळी होती, सोनेरीच म्हणा ना. ओठ पांढरा, त्यावर मोजके ठिपके. बेटावरच्यासारखं, पुस्तकातल्यासारखं, हजारो वर्षं इथे असल्यासारखं. तिने रोपाभोवती शेवाळात बोट फिरवलं. भेग नव्हती, वर्तुळ नव्हतं, शेवाळ सगळीकडे एकजीव. दुसऱ्या कुणाबरोबर असती तर ती त्या क्षणी धावत गाडीकडे गेली असती आणि थियाला फोन लावला असता. एवढं एक रोप पुरेसं होतं.

पण डेन्झिलचा पुतण्या बेटावर बोट घेऊन जातो. बेटावर पिवळ्या दाढीची रग्गड आहेत. आणि एकदा भेग दिसल्यामुळे पकडला गेलेला माणूस दुसऱ्यांदा भेग दिसू देणार नाही. हे विचार तिला नको होते, ते आपोआप आले, आणि आल्यावर जाईनात. भिंगातून जात कळते, दाढीचा रंग कळतो. ते तिथे कुणी आणलं की ते तिथलंच, हे आजवर तिला माणसावरून कळत होतं.

"मी लावलेलं नाही," डेन्झिल म्हणाला. ओंडक्यावर बसलेल्याने आधी बोलायचं नाही, हा नियम त्याने पहिल्यांदा मोडला.

"नसेल."

"नसेल नाही. नाहीच. नऊ दिवस शोधतोय, सायमा. आज पहाटे सापडलं. देवाशप्पथ खरं आहे हे."

माझं विचाराल तर खरंच होतं. माझी खात्री आहे. सायमालाही तसं वाटलं असणार, कारण तिने फुलाभोवती हाताचा आडोसा धरला होता, वारा लागू नये म्हणून, आणि तो बराच वेळ काढला नाही.

"उद्या सह्या आहेत," डेन्झिल म्हणाला. "तू थियाला आत्ता कळवलंस तर ती दुपारपर्यंत येईल. तुझं नाव आजही चालतं. माझ्यासाठी नको करूस. जंगलासाठी कर."

सायमा उठून बसली. कोटाच्या खिशातून वही काढली, पेन्सिल काढली. तारीख लिहिली. जागा लिहिली. कॅलिप्सो, एक. दाढी पिवळी. डेन्झिल तिच्या पेन्सिलीकडे बघत होता, त्याच्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. कडेच्या रकान्याशी पेन्सिल थांबली. मग तिने तिथे 'डे' लिहिलं, पान वहीतून फाडलं आणि त्याच्यापुढे धरलं. चौतीस वर्षांत त्या वह्यांतलं एकही पान कधी फाटलं नव्हतं.

"पहिल्यांदा तुला दिसलं," ती म्हणाली. "नाव तुझं."

"या नावावर कोण विश्वास ठेवणार, सायमा?"

तिने आपला कप उचलला. कॉफी गार झाली होती. ती फुलापासून लांब, वाळूत ओतली आणि कप त्याच्या हातात दिला.

"मी ठेवत होते," ती म्हणाली.